शेंडगावचा डेबू

वऱ्हाड ही काळ्याभोर, कसदार मातीची भूमी. ज्वारी आणि कापूस यांच्या पिकांसाठी ती पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात, शेंडगाव नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे परीट समाजातील झिंगराजी जानोरकर आणि त्याची पत्नी सखूबाई हे जोडपे राहत असे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांच्या पोटी एक मुलगा जन्मास आला. आईबापांनी त्याचे नाव डेबू असे ठेवले. हाच डेबू पुढे हातात खराटा आणि मातीचे फुटके गाडगे घेऊन अवघ्या महाराष्ट्रात हिंडला आणि संत गाडगे महाराज या नावाने घरोघरी पूज्य झाला.

महाराजांच्या स्वच्छतेच्या कार्याची माहिती सर्वांना असते. त्यांनी बांधलेल्या धर्मशाळाही लोक पाहतात. परंतु ज्या दुःखातून हे सारे जीवन उभे राहिले, ते दुःख त्यांना अगदी बालवयात आणि स्वतःच्याच घरात भोगावे लागले. ते दुःख दारूचे होते.

त्या काळी खेड्यापाड्यांतील अनेक जातींमध्ये एक विचित्र रूढी होती. घरात लग्न असो, बारसे असो किंवा देवाचा नवस फेडावयाचा असो, जातभाईंना मांसाचे जेवण आणि दारू द्यावीच लागे. जो देणार नाही त्याची जातीत नाचक्की होई. घरात कोणी आजारी पडले, तर देवापुढे बकरे कापीत आणि दारूचा नैवेद्य दाखवीत. मग तोच प्रसाद म्हणून सर्वजण घेत. मोहाच्या फुलांची दारू गावोगाव मिळे. सरकार दारूच्या दुकानांचे मक्ते देत असे आणि त्यातून आपली तिजोरी भरीत असे. अशा रीतीने दारूला देवाचा आधार होता, जातीचा आधार होता आणि सरकारचाही आधार होता. तिला विरोध करील असा मात्र कोणी नव्हता.

झिंगराजी या दारूच्या आहारी गेला. तो मुळातच वाईट माणूस होता, असे मुळीच नाही. व्यसन हे माणसाच्या घरात एकदम दरोडेखोरासारखे शिरत नाही. ते पाहुण्यासारखे येते, ओसरीवर बसते, आणि हळूहळू सारे घर आपल्या ताब्यात घेते. प्रथम सणाला, मग बाजाराच्या दिवशी, मग थकवा घालवावा म्हणून, असे करता करता शरीरालाच तिची सवय जडते. पुढे माणूस सुखासाठी पीत नाही. पिल्यावाचून त्याला राहवत नाही म्हणून पितो. सकाळी त्याला पश्चात्ताप होतो, संध्याकाळी त्याचे पाय पुन्हा त्याच वाटेला लागतात. झिंगराजीची गत अशीच झाली. घरचे होते नव्हते ते दारूपायी गेले, कामधंदा बुडाला आणि अखेर शरीरही खंगले.

अशा घरातील बायकोमुलांची स्थिती मोठी कठीण असते. घरातील माणूस आपला असतो, त्याच्यावर माया असते; पण त्याच्याच वागण्याने घर बुडत असते. त्याला टाकवत नाही आणि सावरताही येत नाही. सखूबाईने पतीला टाकले नाही. त्याच्या पडत्या काळात आणि आजारपणात ती त्याच्याबरोबर राहिली. परंतु एकट्या बाईच्या मायेने व्यसन सुटावे, इतके ते सोपे नव्हते. घरात ती जे विझवू पाही, ते बाहेर सारा समाज पेटवीत असे. ज्या रूढीने झिंगराजीच्या हाती पहिला पेला दिला, ती रूढी तशीच शाबूत होती. शिवाय व्यसन हा एक आजार आहे आणि त्यावर उपचार करता येतो, हे ज्ञान त्या काळी खेड्यात पोहोचले नव्हते.

१८८४ साली झिंगराजीचा अंत झाला. आपली जी गत झाली ती मुलाची होऊ नये, त्याला दारूच्या वाऱ्यालाही उभे राहू देऊ नये, असे त्याने अखेरच्या दिवसांत सखूबाईला विनविले, असे चरित्रकार सांगतात. दारूने त्याचे सर्वस्व नेले. पण मुलाविषयीची त्याची माया मात्र तिला नेता आली नाही.

डेबू त्या वेळी अवघा आठ वर्षांचा होता. इतक्या लहान मुलाला मरणाचा अर्थ पुरता कळत नाही. परंतु भरलेले घर रिकामे का झाले, आई एकटीच का रडते, हे मात्र त्याला कळते. बापाच्या व्यसनात मुलाचा काडीचाही दोष नसतो. तरीही त्याचे ओझे मुलाच्याच खांद्यांवर पडते. कित्येक मुले त्या ओझ्याखाली वाकतात. काही बापाच्याच वाटेने जातात. डेबूने तिसरीच वाट धरली.

सखूबाई आपल्या मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आली. तेथे तिचा भाऊ चंद्रभान याने दोघांना आश्रय दिला. संकटात सापडलेल्या बहिणीला आणि भाच्याला पाठीशी घालणारा असा मामा मिळाला, म्हणून डेबूचे आयुष्य सावरले. तेथे डेबू गुरे राखू लागला. थोडा मोठा झाल्यावर तो नांगर धरू लागला. पूर्णा नदीच्या पात्रात तो पोहण्यात तरबेज झाला. गोठा झाडणे, बैलांना घासूनपुसून धुणे, शेतातील तण काढणे ही कामे तो इतक्या मनापासून करी की, पाहणाऱ्याने पाहतच राहावे. रात्री गावातील मुले जमवून तो भजन करीत असे. ज्या वेळी इतर तरुण दारूच्या गुत्त्याकडे वळत, त्या वेळी डेबूच्या भोवती टाळांचा गजर चाले. वाईट सवय नुसती सोडून भागत नाही. तिच्या जागी काहीतरी चांगले आणून बसवावे लागते, हे या अशिक्षित मुलाने कोणी न शिकविता ओळखले होते.

दापुऱ्यासही संकटाने पाठ सोडली नाही. मामाला लिहितावाचता येत नव्हते. त्याने एका सावकाराकडून कर्ज घेतले होते. कागदावर काय लिहिले आहे हे न कळता त्याचा अंगठा उठला आणि शेती हातची गेली. त्या धक्क्याने मामा खचला आणि लवकरच मरण पावला. डेबू आता तरुण झाला होता. अन्यायाने जमीन बळकावू पाहणाऱ्या सावकारापुढे तो निर्भयपणे उभा राहिला. बापाचे घर दारूने बुडविले आणि मामाचे घर कर्जाने व अज्ञानाने बुडविले, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. हे तिन्ही शत्रू हातात हात घालून येतात, ही गोष्ट त्याच्या मनावर कायमची कोरली गेली.

१८९२ साली डेबूजीचे लग्न झाले. त्यांच्या पत्नीचे नाव कुंताबाई. यथाकाल त्यांना मुलगी झाली आणि बारशाचा दिवस उगवला. हा दिवस डेबूजींच्या आयुष्यातील मोठ्या कसोटीचा ठरला.

बारसे म्हटले की जातभाईंना मांस आणि दारू देणे आलेच. रूढी मोडावी तर सारी जात रुसणार. पंगतीत कोणी बसणार नाही, पुढे लग्नकार्यात कोणी विचारणार नाही, अशी भीती. त्या काळी जातीने वाळीत टाकणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. अडल्यानडल्या वेळी हाक मारावी असे माणूसही मग उरत नसे. घरात लहान मूल, विधवा आई, तरुण पत्नी. आणि मामाही आता राहिला नव्हता. चार लोक करतात तसे करून मोकळे व्हावे, असे कोणालाही वाटले असते.

परंतु डेबूजींना आपल्या बापाची आठवण होती. असल्याच पंगतीत बापाच्या हाती पेला आला होता. आज आपण पाहुण्यांना दारू दिली, तर त्यांतला कोण उद्याचा झिंगराजी होईल आणि कोणाचा डेबू पोरका होईल, हे कोणी सांगावे? डेबूजींनी निश्चय केला. त्या दिवशी पाहुण्यांच्या पानांवर बुंदीचे लाडू आणि साधे शाकाहारी जेवण वाढले गेले. दारूचा थेंबही पंगतीत आला नाही. जमलेली मंडळी चकित झाली. पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. परंपरेचा हा अपमान आहे असे अनेकांना वाटले. डेबूजी मात्र शांत होते. त्यांनी कोणाशी भांडण केले नाही, कोणाला उणा शब्द बोलले नाहीत. त्यांनी दारूला घरात जागा नाकारली. माणसांना नाकारली नाही. पाहुण्यांना त्यांनी आग्रहाने गोडधोड खाऊ घातले.

वरवर पाहता ही एका खेड्यातील एका घरची गोष्ट. लढाई नाही, सभा नाही, मिरवणूक नाही. पण विचार केला म्हणजे कळते की, सखूबाईला जे एकटीने साधले नव्हते, त्याचा उपाय तिच्या मुलाने येथे शोधला. व्यसनात सापडलेल्या माणसाला नुसता उपदेश करून चालत नाही. तो ज्या घरात, ज्या पंगतीत, ज्या रिवाजात राहतो, ते सारे बदलावे लागते. जो तोल सावरू पाहतो आहे, त्याच्या वाटेवरचे निसरडे दगड इतरांनी उचलले पाहिजेत.

आपले घर सुधारले एवढ्यावर डेबूजींचे समाधान झाले नाही. गावोगाव असे झिंगराजी होते, अशा सखूबाई होत्या आणि असे डेबूही होते. त्यांचे काय? १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. मागे राहिलेल्या आई व पत्नी यांनी संसाराचा भार सोसला. महाराजांच्या कार्याचा विचार करताना या दोन स्त्रियांचे कष्ट विसरणे योग्य होणार नाही.

पुढील कित्येक वर्षे डेबूजी अनवाणी हिंडले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, हातात काठी आणि मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात ते भाकरी खात आणि पाणी पीत. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ज्या गावी जात तेथे ते प्रथम रस्ते झाडीत आणि गटारे साफ करीत. हा वेडा कोण, म्हणून लोक भोवती जमत. दिवसा गाव झाडून झाले की रात्री बाबा कीर्तनाला उभे राहत आणि लोकांची मने झाडू लागत.

महाराष्ट्रात कीर्तनाची परंपरा फार जुनी आहे. संत नामदेवांनी ती थोर पदाला नेली. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव त्यांचे जन्मस्थान म्हणून पूजले जाते. बाबांनी हीच परंपरा आपल्या पद्धतीने चालविली. त्यांचे कीर्तन म्हणजे पांडित्याचे प्रवचन नव्हते. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना सोपे सोपे प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तरे काढून घेत. दारू पिणाऱ्याच्या घरी काय काय शिल्लक राहते, त्याच्या मुलांच्या अंगावर कपडा असतो काय, अशा गोष्टी ते बोलता बोलता लोकांच्याच तोंडून वदवून घेत. लोक प्रथम पोट धरून हसत. मग हळूहळू सभा गंभीर होई. आपण हसलो ते स्वतःलाच, हे अनेकांच्या ध्यानात येई. दारू पिऊ नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, कर्ज काढून सण करू नका, शिवाशीव पाळू नका आणि पोटाला चिमटा घेऊन का होईना, मुलांना शाळेत घाला, हे त्यांच्या कीर्तनाचे सार असे. दारू, कर्ज आणि अज्ञान हे जे तीन शत्रू त्यांनी बालपणी ओळखले, त्यांच्याशीच त्यांनी जन्मभर झुंज दिली.

लोकांनी श्रद्धेने दिलेला पैसा बाबांनी कधी स्वतःकडे ठेवला नाही. त्यातून ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ही त्यांपैकीच एक. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठीही १९५४ साली धर्मशाळा झाली. रोगी रुग्णालयात असतो. पण त्याच्या उशाशी बसणारी माणसे कोठे झोपणार, काय खाणार? त्यांची चिंता कोण करतो? ती चिंता बाबांनी केली. आजाऱ्याबरोबर त्याच्या घरच्यांचेही हाल होतात, हे त्यांनी लहानपणी शेंडगावी पाहिले होते.

मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. कायदा दुकानाचे दार बंद करू शकतो. माणसाच्या मनाचे दार मात्र प्रेमाने आणि विचारानेच उघडावे लागते. ते काम बाबा अखेरपर्यंत करीत राहिले. १९५२ साली त्यांच्या कार्याला स्थैर्य यावे म्हणून गाडगे महाराज मिशन ही संस्था स्थापन झाली. वय ऐंशीच्या घरात गेले, प्रकृती साथ देईना. तरी १९५६ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी मुंबईत वांद्रे येथे कीर्तन केले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. तेथील विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. जो कधी शाळेत गेला नाही, त्याच्या नावाने आज सहस्रावधी मुले पदव्या घेतात.

झिंगराजीच्या काळी जे ज्ञान खेड्यात नव्हते, ते आज आपल्याला लाभले आहे. दारूचे व्यसन हा शरीराचा आणि मनाचा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. पुष्कळ दिवस पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली, तर हातपाय कापू लागतात, झोप उडते, कधी झटकेही येतात. म्हणून अशा वेळी डॉक्टरांची मदत घ्यावी लागते. १९३५ साली अमेरिकेत दोन व्यसनी गृहस्थांनी एकमेकांना आधार देऊन दारू सोडली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना जगभर पसरली. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठीही पुढे असे मेळावे सुरू झाले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र स्थापन केले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही समजावून घेतले जाते. व्यसनातून बाहेर पडणारा माणूस मध्येच पुन्हा घसरू शकतो. म्हणून काही सारे संपत नाही. लहान मूल चालू लागताना पडते आणि पुन्हा उठते. तसेच त्यालाही पुन्हा उठावे लागते, आणि त्या वेळी घरच्यांनी हात द्यावा लागतो.

मात्र त्याला हात देणे म्हणजे त्याचे व्यसन झाकणे नव्हे. त्याच्यासाठी खोटे बोलणे, दारूला पैसे पुरविणे, मारझोड मुकाट्याने सोसणे, यांतून कोणाचेच हित होत नाही. आपल्या घरात असे दुःख असेल, तर मुलाने त्याची लाज वाटून घेऊ नये आणि ते मनात कोंडूनही ठेवू नये. आजी, मामा, शिक्षक, शेजारची विश्वासू काकू, ज्याच्यावर भरवसा असेल त्या वडीलधाऱ्या माणसाला ते सांगावे. सखूबाई दापुऱ्याला गेली नसती आणि चंद्रभानमामाने दार उघडले नसते, तर डेबूचे काय झाले असते?

झिंगराजीला वाचविणे आठ वर्षांच्या डेबूच्या हाती नव्हते. ते त्याचे कामही नव्हते. परंतु मोठेपणी त्याने बापाचा द्वेष केला नाही. बापाला नेणाऱ्या दारूशी मात्र त्याने कधी तह केला नाही. ज्या रूढीने त्याचे घर बुडविले, ती त्याने प्रथम आपल्या उंबरठ्यावर अडविली आणि मग गावोगाव तिचा पाठलाग केला. बाबांचा खराटा रस्त्यावरचा कचरा झाडीत होता, हे सर्वांना दिसले. त्याच खराट्याने त्यांनी कित्येक घरांतील दुःखही झाडून काढले.